नव्या पाहुण्याचे तीस दिवस

गेल्या वर्षी श्रावणाच्या आरंभी, शाळा सुटल्यावर, सातवीतला एक विद्यार्थी माझ्या खोलीच्या दारात घुटमळत उभा राहिला. हातात बुटांचा खोका, खोक्याच्या झाकणाला पेन्सिलीने पाडलेली भोके आणि चेहऱ्यावर परीक्षेच्या दिवशीही कधी न दिसलेली काळजी.

"सर, कबूतर आहे. रविवारी विकत आणलं. कालपासून नुसतं फुगून बसलंय. औषध द्या ना, सर!"

शाळेच्या मुख्याध्यापकाकडे असले मागणे यावे याचे कारण एवढेच की, काचीगुड्यातील आमच्या जुन्या घराच्या गच्चीवर कबुतरांची ढाबळ आहे, ही वार्ता शाळेतील प्रत्येक नव्या तुकडीला पाठ्यपुस्तकांच्याही आधी पोहोचते. मी खोका उघडला, आत डोकावलो आणि म्हणालो, "औषध मी देणार नाही. आधी आपण तिच्याकडे नीट पाहू." मुलाचा चेहरा उतरला. सरांजवळ औषध आहे आणि ते मुद्दाम देत नाहीत, अशीच त्याची समजूत झाली असावी. त्या दिवशी मी त्याला कारण सांगितले नाही. आज या सदराच्या वाचकांना सांगतो, कारण त्यात माझी एक चूक आहे, आणि दुसऱ्यांच्या चुका तांबड्या शाईने दाखवण्यात ज्याची हयात गेली त्याने आपली एखादी चूक तरी फळ्यावर लिहावी, असे मला वाटते.

कबुतरांचा नाद आमच्या घरात माझ्या वडिलांनी आणला. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. पूर्वी आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक वृद्ध खाँसाहेब राहत. संध्याकाळी त्यांच्या गच्चीवरून गिरेबाज कबुतरे आकाशात कोलांट्या घेऊ लागली की अण्णा हातातले काम टाकून वर पाहत राहत. पुढे खाँसाहेबांनीच त्यांना पहिली जोडी दिली. ढाबळ कशी बांधावी, तिचे तोंड कोणत्या दिशेला असावे, दाणा किती टाकावा, हे सारे शिक्षण अण्णांनी त्या गच्चीवर दखनी बोलीत घेतले. २०१२ साली अण्णा गेले तेव्हा मागे अकरा कबुतरे होती. त्यांत 'चांदी' नावाची एक पांढरी शुभ्र मादी होती. अण्णांच्या शेवटच्या दुखण्यात ती रोज सकाळी त्यांच्या खिडकीच्या गजांवर येऊन बसे. "मामंजींचा जीव या पाखरात गुंतलाय," असे सौ. म्हणे, आणि ते खोटे नव्हते.

२०१४ च्या पावसाळ्यात मला लक्का कबुतरांचा मोह झाला. मोरासारखा पिसारा फुलवून, छाती पुढे काढून चालणारी ती जोडी जुन्या शहरातील पाखरांच्या बाजारात दिसली आणि मी ती घेतली. दिसायला दोन्ही पाखरे ठणठणीत होती. नर पाणी जरा जास्त पितो, एवढे माझ्या ध्यानात आले. पण प्रवासाने तहानला असेल, असे मनाचे समाधान करून घेतले. त्याच संध्याकाळी मी ती जोडी अण्णांच्या ढाबळीत सोडली. नव्या सुनेला पहिल्याच दिवशी स्वयंपाकघराच्या किल्ल्या देऊन मोकळे व्हावे, तसा प्रकार!

दोन-अडीच आठवड्यांनी ढाबळीच्या फळ्यांवर पाण्याची थारोळी दिसू लागली. त्या पाण्यात विष्ठेचे दोन-तीन धागे तेवढे. पाठोपाठ एकाची मान थरथरू लागली, दुसऱ्याची वळून पार उलटी झाली. घाबरून बाजारात गेलो. विक्रेता हसून म्हणाला, "क्या फिकर करते साब! कॅप्सूल पानी में घोलके पिला देव, दो दिन में खुल जाते." मी कॅप्सूल आणल्या, फोडल्या, पाण्यात कालवल्या. दोन दिवसांचे चार झाले, मग दुसऱ्या रंगाच्या कॅप्सूल आल्या. सकाळ-संध्याकाळ मी पाणी बदलत होतो, औषधाची मात्रा मोजत होतो आणि आपण फार काही करीत आहोत अशा समजुतीत होतो. अकरांपैकी सहा पाखरे गेली. सहावी चांदी.

तिचे कलेवर घेऊन मी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. डॉक्टर वयाने माझ्याहून लहान, पण शांत प्रकृतीचे होते. लक्षणे ऐकून त्यांनी हा पॅरामिक्सो विषाणूचा आजार असावा असे सांगितले. कोंबड्यांच्या राणीखेत रोगाचा तो सख्खा भाऊ. १९८० नंतरच्या दशकात तो जगभरच्या पाळीव कबुतरांत पसरला. जिवाणूंवर चालणारी कोणतीही कॅप्सूल या विषाणूला स्पर्शही करीत नाही. मग त्यांनी चांदीच्या गळ्याखालची अन्नपिशवी बोटांनी चाचपली, छातीचे मधले हाड पाहिले. ते चाकूच्या पात्यासारखे वर आले होते.

"मास्तर," ते म्हणाले, "रोगाने हिची मान वळवली हे खरे; पण ही मेली ती उपाशी."

या आजारात पाखराची भूक जात नाही. नेम जातो. दाणा समोर दिसतो, चोच मारावी तर ती बोटभर बाजूला पडते; दाणा उचलला गेलाच तर मान झटक्याने मागे जाऊन तो पाठीवरून उडतो. अशा पाखराला खोलगट भांड्यात भरपूर दाणे द्यावे, म्हणजे चोच कुठेही पडली तरी दाण्यातच पडेल. तेही जमेना तर भिजवलेले वाटाणे किंवा हरभरे एकेक करून जिभेच्या मागे ठेवावे. असे काही आठवडे सांभाळले तर पुष्कळ पाखरे वाचतात. मान थोडी वाकडी राहिली तरी जगतात. मी मात्र उथळ ताटलीत ज्वारी पसरून ठेवली होती आणि सारे लक्ष कॅप्सुलींवर. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! पुढ्यात ज्वारी असता अण्णांची चांदी उपाशी मेली, हे वाक्य लिहिताना आजही हात थांबतो.

त्यानंतर मी दोन नियम केले. पहिला, नवे पाखरू तीस दिवस वेगळे. दुसरा, निदानापूर्वी औषध नाही. या दोन नियमांमागे काय आहे, ते क्रमाने सांगतो.

नव्या पाखराचा आजार बहुधा तीन वाटांनी येतो. ते विकत घेतानाच आजारी असते, पण तसे दाखवीत नाही. निसर्गात जो दुबळा दिसतो त्याच्यावर ससाण्याची झडप पहिली, म्हणून दुखणे लपवणे हा पाखराचा स्वभावच असतो. किंवा ते रोगजंतूंचे निव्वळ वाहक असते. स्वस्थ राहील तोवर त्याचे शरीर त्या जंतूंना आवरून धरते. पण बाजारातील दाटी, खोक्यातला प्रवास, अनोळखी जागा, बदललेला दाणा यांचा ताण पडला की तो आवर सुटतो. म्हणूनच आणल्यापासून चौथ्या-पाचव्या दिवशी फुगून बसणारी पाखरे इतकी आढळतात. तिसरी वाट उलट दिशेची. आपल्या जुन्या पाखरांना जे जंतू पचलेले असतात ते नव्याला पचत नाहीत. आपल्या ढाबळीचाच आजार पाहुण्याला होतो. तीस दिवसांचा वेगळेपणा या तिन्ही वाटांवर पहारा ठेवतो.

वेगळे म्हणजे ढाबळीतच जाळी लावून केलेला कप्पा नव्हे. पिसांची धूळ आणि उडणारे पाणी जाळीला जुमानत नाही. घराच्या दुसऱ्या बाजूची खोली, निदान जिन्याखालची हवेशीर जागा असावी. दाणापाण्याची भांडी वेगळी असावी. आधी जुन्या पाखरांचे करावे, मग नव्यांचे, आणि परत ढाबळीकडे जाण्यापूर्वी हात साबणाने धुवून सदरा बदलावा. पाण्याचे भांडे इंच-दीड इंच खोल असावे. इतर बहुतेक पक्षी चोचीत घोट घेऊन मान वर करतात. कबूतर चोच बुडवून सलग पाणी ओढते. आणि पिंजऱ्याच्या तळाला रोज कोरे वर्तमानपत्र घालावे. आमच्या घरी सकाळी दोन वर्तमानपत्रे वाचली जातात. एक छापलेल्या मजकुरासाठी आणि दुसरे पाखरांनी त्यावर लिहिलेल्या मजकुरासाठी. खरी बातमी दुसऱ्यात असते.

ती वाचायची कशी? निरोगी कबुतराची विष्ठा घट्ट, तपकिरी किंवा हिरवट तपकिरी, आणि तिच्यावर पांढरी टोपी. ही टोपी म्हणजे मूत्रातील क्षार होत. गर्द हिरवी, पातळ, अगदी थोडी विष्ठा दिसली तर पहिली शंका उपासमारीची घ्यावी. पाखरू खात नाही, पोटात नुसते पित्त उतरते आहे. स्वच्छ पाण्यात विष्ठेचे धागे दिसले तर मूत्र वाढले आहे. तेथे पॅरामिक्सोचा संशय घ्यावा. फेसाळ, दुर्गंधी, हिरवा जुलाब आणि त्याबरोबर पंखाचा सांधा सुजलेला किंवा पाय लंगडणारा, असे असेल तर साल्मोनेला जिवाणूंमुळे होणाऱ्या पॅराटायफॉइडचा विचार करावा. अर्थात एका शितावरून भाताची परीक्षा होते, एका शिटेवरून रोगाची होत नाही. नव्या जागेच्या भीतीनेही एक-दोन दिवस विष्ठा पातळ होते. म्हणून तीन दिवसांचे कागद ताडून पाहावे.

दुसरे काम दुरून पाहण्याचे. पाखराला आपली चाहूल न लागू देता दहा मिनिटे दाराआडून पाहावे. आपण समोर गेलो की आजारी पाखरूही उसने अवसान आणून ताठ उभे राहते. एकांतात ते कसे बसते? पिसे फुगवून, डोळे अर्धवट मिटून, मान खांद्यांत घालून बसले असेल तर ते अंगातली ऊब राखण्याची धडपड करते आहे. कबुतराचे अंग निरोगीपणी एक्केचाळीस-बेचाळीस अंश सेल्सिअस इतके उष्ण असते. ती भट्टी पेटती ठेवायला दाणा लागतो, आणि दाणाच बंद झालेला असतो. श्वास घेताना शेपूट वरखाली होते काय, दाणा उचलून परत टाकला जातो काय, एकाच डोळ्याला पाणी येते काय, हे सारे दुरूनच कळते.

मग हातात घ्यावे. छातीचे मधले हाड बोटाने चाचपावे. दोन्ही बाजूंना मांस भरलेले असावे. सकाळी दाण्यापूर्वी अन्नपिशवी रिकामी व मऊ असावी. रात्रीचे अन्न तसेच घट्ट किंवा पाणचट राहिले असेल तर पचन अडले आहे. चोचीच्या मुळाशी असलेला मांसल भाग पांढरा, पावडर लावल्यासारखा हवा. तो मळकट ओला दिसला तर श्वासमार्गाचा विकार असू शकतो. बोटांनी चोच हळूच उघडून विजेरीच्या उजेडात घसा पाहावा. तो गुलाबी व स्वच्छ असावा. शेवटी पंख उचलून पिसांत पाहावे. उवा तर असतातच, पण चपटी, तपकिरी, खेकड्यासारखी तिरकी पळणारी कबुतरमाशी दिसली तर ती आधी घालवावी. ती रक्त पिते आणि हिमोप्रोटिअस नावाचा रक्तातील परोपजीवी एका पाखराकडून दुसऱ्याकडे नेते.

आता त्या खोक्यातल्या पाखराकडे येऊ.

ती करड्या रंगाची, पंखांवर दोन काळ्या पट्ट्या असलेली तरुण मादी होती. आम्ही तिला प्रयोगशाळेतील तराजूत ठेवले. वजन २६० ग्रॅम भरले. त्या जातीच्या पाखराचे ते तीनशेच्या वर असायला हवे होते. छातीचे हाड टोचत होते. चोच उघडताच आंबूस दुर्गंधी आली, आणि विजेरीच्या उजेडात टाळूला चिकटलेला, पनीरच्या चुऱ्यासारखा पिवळट थर दिसला. मुलगा म्हणाला, "सर, चिमट्याने काढू का?" हाच तो क्षण, जेथे उत्साह घात करतो. तो थर खरवडला तर खालून रक्त वाहते आणि पाखरू दगावू शकते. मी त्याचा हात धरला.

डॉक्टरांकडे नेईपर्यंत तीन गोष्टी करायच्या होत्या, आणि त्या कोणत्याही आजारात कराव्या. पहिली ऊब. खोक्याच्या एका टोकाशी दिवा ठेवला, दुसरे टोक मोकळे सोडले. म्हणजे जास्त झाले तर पाखरू स्वतः सरकू शकते. दुसरी पाणी. माणसाच्या जुलाबावर देतात ते मीठ-साखरेचे मिश्रण कोमट पाण्यात कालवून समोर धरले आणि चोचीचे टोक त्यात बुडवले. चोच उघडून ड्रॉपरने पाणी ओतू नये. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या अगदी मुळाशी उघडे असते. पाणी तेथे गेले तर पाखरू आपल्या हातात गुदमरते. तिसरी गोष्ट एकांत आणि अंधार. अन्न या तिन्हींनंतर. गार पडलेल्या, पाणी आटलेल्या देहात दाणे कोंबले तर ते तेथेच कुजतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे त्याच दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी घशातील ओलावा कापसाच्या काडीने टिपून काचेवर घेतला आणि लगेच सूक्ष्मदर्शकाखाली धरला. उशीर केला, काच गार पडली, की जंतूंची हालचाल थांबते आणि ते ओळखू येत नाहीत. त्यांनी मुलाला बोलावून भिंगाला डोळा लावायला सांगितला. शेपट्या हलवीत गिरक्या घेणारे ट्रायकोमोनास त्याने पाहिले, आणि त्याच्या तोंडून शब्द फुटेना.

परतताना रिक्षात मी त्याला रोनाल्ड रॉसची गोष्ट सांगितली. आपल्याच सिकंदराबादेत, बेगमपेठेच्या परिसरात, २० ऑगस्ट १८९७ रोजी त्या सैनिकी डॉक्टराने डासाच्या पोटात हिवतापाचा परोपजीवी पाहिला. त्यापूर्वी त्याने कितीतरी डास चिरले होते आणि काही सापडले नव्हते. पुढच्या वर्षी कलकत्त्यात त्याने हा रोग डासाच्या चाव्यातून पसरतो हे सिद्ध केले, तेही पाखरांच्या हिवतापावरून. "म्हणजे सर, त्यांनी आधी पाहिलं," मुलगा म्हणाला. इतके दिवस मी ज्या वाक्याच्या शोधात होतो ते त्याने सहज उच्चारले.

आजार कॅन्करचा होता. ट्रायकोमोनास पुष्कळ प्रौढ कबुतरांच्या घशात निमूट राहतो. सामाईक पाण्याच्या भांड्यातून आणि आईबापांनी पिलांना भरवलेल्या दुधातून तो पसरतो. कबुतरांत नर व मादी दोघेही अन्नपिशवीत दूध तयार करतात, आणि त्या वात्सल्यातूनच हा वारसाही जातो. यावर मेट्रोनिडाझोलच्या वर्गातील औषधे चालतात. डॉक्टरांनी वजनावरून मात्रा ठरवून दिली आणि जोडीतील नर धडधाकट दिसत असूनही त्यालाही औषध द्यायला सांगितले, कारण दोघे एकाच भांड्यातून पाणी पीत होते. मात्रेचे आकडे मी येथे मुद्दाम देत नाही. पाखराचे वजन आणि आजाराची खात्री या दोन गोष्टींशिवाय मात्रा म्हणजे अंधारात मारलेला दगड होय. औषध पाण्यात मिसळून दिले तर आणखी एक पेच येतो. फार तहानलेला जास्त पितो, ज्याने पाणीच सोडले आहे त्याला थेंब मिळत नाही. आजारी पाखराला औषध शक्यतो हाताने, मोजून द्यावे.

इतर आजारांचे थोडक्यात सांगतो. डोळ्यांभोवती, चोचीवर, पायांवर मसांसारख्या खपल्या आल्या तर ती देवी. ती बहुधा डासांमुळे पसरते आणि तीन-चार आठवड्यांत आपोआप उतरते. खपल्या ओढू नयेत, डास आवरावे. पावसाळ्यात तरुण पाखरे पातळ शीट टाकून झिजू लागली तर कॉक्सिडिया आणि जंत या दोहोंसाठी विष्ठा तपासून घ्यावी. कॉक्सिडियाला ओल लागते, म्हणून ढाबळ कोरडी ठेवणे हे निम्मे औषध आहे. जंतांच्या बाबतीत एक गंभीर इशारा. शेळ्यामेंढ्यांना सर्रास देतात त्या फेनबेंडाझोल आणि अल्बेंडाझोल या औषधांनी कबुतरांना विषबाधा झाल्याची उदाहरणे आहेत. गोठ्यातील बाटली ढाबळीत नेऊ नये. पॅराटायफॉइडला प्रतिजैविक लागते, पण कोणते लागू पडेल ते विष्ठेच्या तपासणीवरून ठरवावे आणि ठरलेले दिवस पुरे द्यावे. अर्धवट सोडलेले औषध जंतूंना शहाणे करते. पॅरामिक्सोवर औषध नाही, लस आहे. ती मात्र निरोगी पाखरालाच द्यायची असते. आणि एकाएकी अनेक पाखरे पटापट मेली तर मृत पाखरांना उघड्या हातांनी न शिवता पशुसंवर्धन खात्याला कळवावे.

एक आजार असा आहे, ज्यात पाखराची आणि माणसाची काळजी एकच होते. एका डोळ्याला सूज, पाणी, घरघर आणि खंगणे ही लक्षणे ऑर्निथोसिसची असू शकतात. त्याचे जंतू माणसाच्या फुप्फुसातही शिरतात. त्यावर डॉक्टर बहुधा डॉक्सिसायक्लिन कित्येक दिवस देतात. त्या काळात शिंपल्यांचा चुरा आणि चुनखडी काढून घ्यावी लागते, कारण कॅल्शिअम त्या औषधाला बांधून ठेवते. आजार नसला तरी कबुतरांच्या पिसांची व विष्ठेची धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेल्याने काही माणसांची फुप्फुसे कायमची कडक होतात. २०२५ साली मुंबईतील कबुतरखान्यांवरून जो वाद पेटला त्याच्या मुळाशी ही काळजी होती. आम्हां शौकिनांना ती गोष्ट कडू लागली तरी खरी आहे. ढाबळ झाडण्यापूर्वी पाणी शिंपडावे, नाकातोंडावर मुखपट्टी बांधावी, आणि घरात दमेकरी किंवा तान्हे मूल असेल तर हा नाद दूर ठेवावा. सौ.ला खोकला लागला तेव्हा मी ढाबळ गच्चीच्या दुसऱ्या टोकाला हलवली. अण्णांनी निवडलेली जागा सोडताना वाईट वाटले. पण अण्णाही तेच करते.

मुलाला मी एक कोरी वही दिली होती. रोज वजन, विष्ठा, दाणा आणि वागणूक अशा चार ओळी लिहायच्या. ती वही माझ्याजवळ आहे. पहिल्या दिवशी २६० ग्रॅम. तिसऱ्या दिवशी, 'थर तसाच आहे. भिजवलेले वाटाणे १५ भरवले.' सहाव्या दिवशी, 'थर आपोआप सुटला. रक्त आले नाही.' दहाव्या दिवशी २८५ ग्रॅम. आणि बाराव्या दिवसाच्या नोंदीत चार ओळींचा नियम मोडून एकच ओळ, 'आज हात घातला तर तिने मला पंखाने फटकारले. सर, ती बरी झाली.'

त्याच्या शुद्धलेखनात दोन चुका होत्या. मी तांबडी शाई काढली नाही.

तिसावा दिवस उजाडला तेव्हा त्याच्या मामांच्या गच्चीवरील वीस-बावीस जुन्या पाखरांत ती जोडी सोडायची होती. आदल्या दिवशी तो विचारायला आला, "सर, ती तर कधीच बरी झाली होती. मग पूर्ण महिना कशाला थांबलो?" मी त्याला आमच्या ढाबळीशी नेले. २०१४ नंतर उरलेल्या पाच पाखरांपैकी एक नर अजून आहे. म्हातारा झाला आहे, मान किंचित डावीकडे झुकलेली असते, आणि कोणी नवखे माणूस आले की ती थरथरते. त्याच्यासाठी आजही खोल वाडग्यात दाणे असतात. "तो महिना तिच्यासाठी नव्हता," मी म्हणालो, "यांच्यासाठी होता." आणि मग प्रथमच त्याला चांदीची हकीकत सांगितली.

'हितोपदेशा'त कबुतरांचा राजा चित्रग्रीव जाळ्यासकट उडून आपल्या मित्राकडे, हिरण्यक उंदराकडे येतो, तेव्हा हिरण्यक आधी राजाचे पाश तोडायला धावतो. चित्रग्रीव त्याला थांबवतो आणि आधी माझ्या सोबत्यांचे पाश तोड म्हणतो. ही कथा मी तीस वर्षे वर्गात शिकवली. ढाबळीच्या दाराशी, त्या लक्का जोडीचा खोका हातात धरून उभा असताना मात्र ती मला आठवली नाही. डोळ्यांसमोर फक्त पिसारा होता.

परवा तो मुलगा पुन्हा आला. आता आठवीत आहे. हातात तोच बुटांचा खोका, तीच भोके. मी काही विचारण्यापूर्वीच म्हणाला, "औषध नको, सर. नवी वही हवी आहे."